रिकव्हरीची तिसरी डिस्क

बँकेच्या नोकरीत ‘रिकव्हरी’ हा शब्द तेहतीस वर्षे माझ्या कानांवर पडला, तो एकाच अर्थाने: थकलेल्या कर्जाची वसुली. मार्च महिना जवळ आला की विभागीय कार्यालयातून फोन येई आणि पहिला प्रश्न असे, ‘रिकव्हरी किती?’ त्यामुळे भाद्रपदाच्या सुरुवातीला चाटी गल्लीतल्या दुकानातून पुतण्याचा फोन आला, ‘काका, रिकव्हरी काही होत नाहीये,’ तेव्हा मी सवयीने विचारले, ‘कोणत्या पार्टीकडून?’

तो हसला. म्हणाला, ‘पार्टीकडून नाही काका, लॅपटॉपची. डिस्क बनत नाहीत. दुसऱ्या डिस्कला अडकते.’

गेल्या अंकात आपण सीटीएस धनादेशांविषयी बोललो होतो आणि या वेळी मुदत ठेवींवरील करकपातीबद्दल लिहिण्याचे मी कबूल केले होते. तो विषय पुढच्या महिन्यावर टाकतो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण दुकानाचा हिशेब लॅपटॉपवर ठेवणारी कुटुंबे आपल्या समाजात आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत, आणि आमच्या घरी त्या पंधरा दिवसांत जे घडले ते त्यांच्या घरी घडण्यापूर्वी कानांवर घालावे असे वाटले.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. पूर्वी संगणक घेतला की खोक्यात विंडोजची सीडी येत असे. लॅपटॉप कंपन्यांनी ती देणे हळूहळू बंद केले. त्यानंतर विंडोज आणि यंत्राला लागणारे सारे प्रोग्रॅम हार्ड डिस्कच्याच एका राखीव भागात भरून ठेवलेले असत. हा भाग साधारण दहा ते वीस जीबीचा असे. काही यंत्रांत तो दिसतच नसे, तर काहींत ‘रिकव्हरी’ नावाने वेगळ्या ड्राइव्हसारखा दिसे. या भागावरून ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने डीव्हीडी बनवून ठेवाव्यात अशी कंपनीची अपेक्षा असे. उद्या विंडोज बिघडले किंवा हार्ड डिस्कच बदलावी लागली, तर या डीव्हीडींवरून यंत्र कारखान्यातून आले त्या स्थितीत आणता येते. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना तशी सूचना पडद्यावर येई. बहुतेक लोक ‘नंतर’ या बटणावर क्लिक करत. आमच्या पुतण्यानेही गेल्या पाडव्याला यंत्र घेतल्यापासून दहा महिने तेच केले होते. वॉरंटीचे वर्ष संपत आले म्हणून मीच त्याच्यामागे लकडा लावला होता.

‘कारखान्यातून आले त्या स्थितीत’ या शब्दांकडे कृपया लक्ष द्यावे. कारखान्यातून यंत्र आले तेव्हा त्यात आपली उधारी नव्हती, टॅली नव्हती, नातवाचे फोटो नव्हते. रिकव्हरी डिस्क विंडोज परत देते. आपला हिशेब परत देणे दूरच, ती चालवताना असलेला हिशेबही पुसून टाकते. ‘रिकव्हरी’ या नावाने फसून ही डिस्क घालणारे आणि मग तीन-तीन वर्षांची खाती शोधत बसणारे व्यापारी मी पाहिले आहेत. म्हणून डिस्क बनवणे हे काम एक आणि हिशेबाची प्रत ठेवणे हे काम दुसरे, हे मनाशी पक्के असावे. आमच्या घरी या दोन कामांची गाठ कशी पडली, तोच या लेखाचा विषय आहे.

मी दुकानात पोहोचलो तेव्हा पुतण्याने सहा डिस्क वाया घालवल्या होत्या. त्याच्या यंत्राला चार डीव्हीडी लागणार होत्या. पहिली बनली, दुसरी भरत जाई आणि शेवटच्या पडताळणीत ‘अयशस्वी’ असा संदेश येई. शेजारच्या दुरुस्तीवाल्याने पाहता क्षणीच निर्णय दिला होता: राइटर गेला, बदलावा लागेल. मी पुतण्याला विचारले, ‘प्रत्येक वेळी कितीव्या टक्क्याला थांबले?’ त्याने ते पाहिले नव्हते.

येथे मला माझे जुने खातेवहीचे दिवस आठवले. शाखेत महिनाअखेरीस बचत खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळवावी लागे. ती पहिल्या फटक्यात कधीच जुळत नसे. आमचे जुने हेडक्लार्क सांगत, दोनदा बेरीज करा. फरक दोन्ही वेळा तेवढाच आला तर चूक खात्यांत आहे, खाती तपासा. फरक दर वेळी वेगळा आला तर चूक तुमच्या बेरजेत आहे, आधी चहा प्या. हाच नियम मी लॅपटॉपला लावायचे ठरवले. बिघाड दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर दोष लिहिणाऱ्याचा किंवा कागदाचा, म्हणजे राइटरचा किंवा कोऱ्या डिस्कचा. बिघाड दर वेळी त्याच जागी येत असेल तर दोष जिथून उतरवून घ्यायचे त्या मूळ वहीत. मी एक कागद घेतला आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली.

दुसरी डिस्क पहिल्यांदा ३८ टक्क्यांवर अडकली, मग ७१ वर, मग पुन्हा पडताळणीत. फरक बदलत होता. म्हणजे मूळ वहीवर अजून संशय घेण्याचे कारण नव्हते.

कोरी डिस्क हा पहिला संशयित. डीव्हीडीच्या पोटात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेसरचा किरण त्या थरावर खुणा भाजतो. एकदा भाजले की पुसता येत नाही, म्हणून बिघडलेली डिस्क ही गेलेलीच. हा थर जितका असमान, तितकी पडताळणीत चूक येण्याची शक्यता अधिक. पुतण्याने दांडीला ओवलेली पन्नास डिस्कची बिननावाची चवड आणली होती आणि ती महिनाभर खिडकीत उन्हात पडून होती. सोलापूरच्या उन्हाबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगावे! नवी पेठेतून नावाजलेल्या कंपनीच्या, प्रत्येकी वेगळ्या डबीतल्या पाच डिस्क आणल्या. डिस्क घेताना तीवर ‘डीव्हीडी-आर’ किंवा ‘डीव्हीडी+आर’ असे लिहिलेले पाहावे. ‘आरडब्ल्यू’ म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क, आणि दोन थरांची डिस्क. या दोन्ही बऱ्याच कंपन्यांचे रिकव्हरीचे प्रोग्रॅम स्वीकारत नसत. डबीवर ४.७ जीबी लिहिलेले असते आणि संगणक मात्र ४.३८ दाखवतो, त्यामुळे दुकानदाराने मापात मारले असे समजू नये. डबीवर हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १,०२४ च्या पटीत मोजतो. कच्चा मण आणि पक्का मण यांच्यासारखेच हे आहे.

चांगल्या डिस्कनेही दुसरी प्रत ५५ वर थांबली. मग राइटरकडे वळलो. लॅपटॉपच्या राइटरचा ट्रे बाहेर ओढला की त्याच्यासोबत लेसरचे भिंगही बाहेर येते, वाटाण्याएवढे, उघडे. टेबलावरच्या मोठ्या संगणकात ते आत झाकलेले राहते. आमचे दुकान चादरी-टॉवेलचे. गाठोडे सोडले की हवेत सुताचा भुरा उडतो. भिंगावर तो भुरा डोळ्यांना दिसेल इतका साचला होता. लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून, घड्याळवाल्याकडून आणलेल्या हवेच्या रबरी फुग्याने तो उडवला. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा तुषार भिंगावर बसतो. कापडाने पुसणे तर सर्वथा टाळावे.

आणखी एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. लॅपटॉप गादीवर ठेवलेला होता. आमचे दुकान अजून गादी-लोडाचे आहे आणि बंधूंना ते तसेच हवे आहे. लॅपटॉपची हवा आत जाण्याची छिद्रे तळाशी असतात. मऊ गादीत ती पूर्ण बुजतात. यंत्र तापते आणि तापलेला राइटर चुका करतो. आम्ही मुनीमजींचे जुने लाकडी डेस्क माळ्यावरून काढले. ज्या उतारावर साठ वर्षे वह्या लिहिल्या गेल्या त्यावर लॅपटॉप ठेवला, तो चांगला बसला. बंधू काही बोलले नाहीत, पण त्यांना बरे वाटलेले दिसले.

भारनियमनाचे वेळापत्रक पाहून बसलो, चार्जर लावून ठेवला, यंत्र आपोआप झोपी जाण्याची सोय बंद केली, व्हायरस-प्रतिबंधकाची तपासणी थांबवली आणि इंटरनेटची तार काढली. सी ड्राइव्हमध्ये निदान दहा जीबी जागा मोकळी केली, कारण डिस्कवर जायचा मजकूर हा प्रोग्रॅम आधी तिथे गोळा करतो. दुसरी डिस्क वीस मिनिटांत बनली आणि पडताळणीतही उतरली. दुरुस्तीवाल्याच्या नव्या राइटरचे पैसे वाचले म्हणून पुतण्या खूश झाला.

मग तिसरी डिस्क ६४ टक्क्यांवर थांबली.

नवी डिस्क घातली, ६४. पुन्हा नवी, पुन्हा ६४. पडताळणीपर्यंत गोष्ट जातच नव्हती. लिहिता लिहिताच यंत्र थबके, आतून बारीक टक् टक् असा आवाज येई, आणि दोन-तीन मिनिटांनी संदेश. पुतण्याच्या मित्राचा यूएसबीला जोडायचा वेगळा राइटर मागवला. लिहिणारा बदलला, कागद बदलला, तरी आकडा तोच. ६४.

त्या रात्री पुतण्याला मी डिस्कचे काम तिथेच सोडायला सांगितले. फरक तोच राहतो तेव्हा चूक खात्यात असते. राखीव भाग ज्या हार्ड डिस्कवर आहे तिच्यातच काही जागा वाचल्या जात नव्हत्या, आणि टॅलीचा सगळा हिशेब त्याच हार्ड डिस्कवर होता. मी विचारले, ‘हिशेबाची प्रत कुठे ठेवतोस?’

‘दर महिन्याला बॅकअप घेतो ना काका. डी ड्राइव्हमध्ये.’

सी आणि डी ही एकाच हार्ड डिस्कची दोन नावे आहेत, एकाच कपाटाचे दोन खण. तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा संच बँक कधीही त्याच शाखेत ठेवत नाही. तो मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवला जातो, आणि ठरावीक मुदतीने तो आणून वापरातल्या संचाशी त्याची अदलाबदल करतात, म्हणजे दोन्ही किल्ल्या कुलपाला लागतात की नाही ते आपोआप कळते. हे मी पुतण्याला सांगत होतो खरे, पण माझ्याही मनात एक जुनी गोष्ट सलत होती. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत यंत्रे येऊ लागली आणि पुढे आमच्या तालुक्याच्या शाखेतही लेजर पोस्टिंगची यंत्रे बसली. रोज संध्याकाळी फ्लॉपीवर प्रत घेऊन रजिस्टरात सही करण्याचे काम माझ्याकडे होते. मी सही रोज केली. फ्लॉपी वाचली जाते की नाही, हे एकदाही पाहिले नाही. एके दिवशी यंत्र बंद पडले, आणि आठवड्याच्या सहाही फ्लॉपी वाचेनात. व्हाउचरांचे गठ्ठे सोडून सहा दिवसांच्या नोंदी आम्ही चौघांनी दोन रात्री बसून पुन्हा घातल्या. त्यात एका विधवा बाईंच्या खात्यात जमा झालेली रक्कम दुसरीकडे पडली आणि त्यांना त्या आठवड्यात पैसे मिळाले नाहीत. त्या काउंटरपाशी उभ्या होत्या, तो चेहरा मला अजून आठवतो.

असो. अशा वेळी क्रम महत्त्वाचा आहे. हार्ड डिस्कचा संशय आला की प्रथम आपला मजकूर बाहेर काढावा, तपासणी नंतर. विंडोज ७ मध्ये ड्राइव्हवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘टूल्स’, मग ‘चेक नाऊ’ या वाटेने तपासणी करता येते. पण ती सगळी हार्ड डिस्क तासन्‌तास पिंजून काढते. आजारी डिस्कला तेवढेच निमित्त पुरते. आम्ही पेन ड्राइव्ह लावून टॅलीचा फोल्डर उतरवायला घेतला. मागची वर्षे उतरली. चालू वर्षाच्या फोल्डरमधली एक फाइल उतरेना. आणि टॅलीत एक फाइल गेली की ती कंपनी उघडत नाही.

तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. आगाऊ कराच्या १५ सप्टेंबरच्या हप्त्याला पाच दिवस उरले होते. पुतण्या इतका वेळ धीराने बसला होता, पण आता त्याचा आवाज बदलला. सणाच्या आधीची सगळी उधारी चालू वर्षात होती. पंढरपूर, बार्शी, विजापूरकडची गिऱ्हाइके. कोणाचे बिल किती, कोणाचे पैसे आले, कोणाचा माल परत. त्याने तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा मी त्याचा हात धरला. न वाचणारी फाइल पुन्हा पुन्हा वाचायला लावणे म्हणजे सुजलेला पाय मुरगाळत राहणे.

डी ड्राइव्हमधला महिन्याचा बॅकअप सुदैवाने धड उतरला. तो एकोणीस दिवसांपूर्वीचा होता. दुसऱ्या यंत्रावर तो उघडून पाहिला, उघडला. म्हणजे एकोणीस दिवस गेले.

नंतरच्या तपासणीत हार्ड डिस्कच्या खराब जागांची यादी आली आणि कंपनीच्या सेवा केंद्राने वॉरंटीत ती बदलून दिली. वॉरंटी यंत्राची असते, मजकुराची नसते, हे तिथल्या अर्जावर बारीक अक्षरात छापलेलेच आहे. सही करण्यापूर्वी वाचावे. नव्या हार्ड डिस्कवर त्यांनी विंडोज घालून दिले, पण राखीव भाग त्यात नव्हता, त्यामुळे रिकव्हरी डिस्क आता बनवता येणेच शक्य नव्हते. मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून कंपनीकडे मागणी केली. शुल्क घेऊन त्यांनी तयार संच बारा दिवसांनी कुरियरने पाठवला. म्हणजे इतका खटाटोप करून आमच्या घरी रिकव्हरी डिस्क काही बनल्या नाहीत. संच आला त्या दिवशी पहिली डिस्क घालून यंत्र तिच्यावरून सुरू होते एवढे पाहिले आणि पहिल्याच पडद्यावर ‘रद्द’ करून बाहेर पडलो. डिस्क तपासायची ती इतकीच. पुढे जाऊ नये, पुढे सगळे पुसले जाते. डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर मार्कर पेनाने क्रमांक आणि तारीख लिहिली. बॉलपेनचे टोक डिस्कला टोचते.

विंडोज ७ मध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ या ठिकाणी ‘सिस्टिम इमेज’ नावाची सोय आहे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर ती सगळ्या यंत्राची, हिशेबासकट, हुबेहूब प्रत घेते; जोडीला एका कोऱ्या डिस्कवर ‘सिस्टिम रिपेअर डिस्क’ बनवून ठेवावी लागते. मला विचाराल तर रिकव्हरी डिस्कपेक्षा मी हिलाच अधिक मान देईन. २०११ च्या थायलंडमधल्या पुराने हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि भाव चढले, ते तेव्हा म्हणावे तसे उतरलेले नव्हते. तरी एका गाठोड्याच्या किमतीत ती येत असे. शिवाय आम्ही दोन पेन ड्राइव्ह घेतले आहेत. एक दुकानात, एक माझ्या सात रस्त्याच्या घरी. शनिवारी पुतण्या येतो, अदलाबदल करतो, आणि मी माझ्या संगणकावर तो उघडून शिल्लक वाचतो. त्याचा बॅकअप आता रोजचा आहे.

राहिले ते एकोणीस दिवस. बंधू अजूनही रोज संध्याकाळी दुकान आवरताना रोजमेळ हाताने लिहितात. पाडव्यापासून ही वही बंद करावी, दुहेरी काम कशाला, असे पुतण्या गेले वर्षभर म्हणत होता; आणि खरे सांगायचे तर मीही त्याच्याच बाजूचा होतो. सेवा केंद्रात जाण्यापूर्वीच, दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधी जेवणे उरकून आम्ही तिघे बसलो. बंधू वाचत होते, पुतण्या दुसऱ्या यंत्रावर भरत होता, मी खुणा करत होतो. बंधूंची अक्षरे वळणदार आहेत, पण नावे ते अर्धीच लिहितात. ‘बार्शी’ म्हणजे कोण, ‘मामा’ म्हणजे कोणाचे मामा, हे त्यांनाच ठाऊक. मध्येच ते थांबून सांगत, या माणसाने त्या दिवशी रक्कम देताना मुलीचे लग्न ठरल्याचे सांगितले होते. ही माहिती टॅलीत नव्हतीच.

साडेदहाला शिल्लक काढली. सत्तावीस रुपयांचा फरक आला. पुतण्या म्हणाला, ‘सत्तावीसच आहेत काका, सोडून देऊ.’ बंधूंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, नऊने भाग जातो. कुठेतरी दोन आकडे उलटे पडले आहेत. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. सतराव्या दिवशी सापडले: रोजमेळात १,४३६, टॅलीत १,४६३. पुतण्याने दुरुस्त केले. बंधूंनी वही मिटली आणि उशाशी न ठेवता माझ्या हाती दिली. म्हणाले, ‘आज ही तुझ्याकडे राहू दे. उद्या सकाळी आण.’